स्पर्शातून आलेली बस : एस. बी. यांच्या दृष्टीचं प्रकरण

संवेदना आणि ज्ञान यांच्या नात्याचा विषय निघाला की मानसशास्त्रात ज्या मोजक्या माणसांचा दाखला दिला जातो, त्यांत एस. बी. या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे एक इंग्लिश गृहस्थ आहेत. जन्म १९०६चा. दहा महिन्यांचे असताना दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत जग त्यांच्यापर्यंत पोचलं ते हातांतून, कानांतून आणि लोकांच्या बोलण्यातून. डिसेंबर १९५८ आणि जानेवारी १९५९मध्ये त्यांच्या दोन्ही डोळ्यांत कॉर्नियाचं, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं रोपण झालं आणि त्यांना दिसू लागलं. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी आणि त्यांच्या सहकारी जीन वॉलेस त्यांना भेटले, पुढेही पुन्हा पुन्हा भेटत राहिले आणि १९६३मध्ये त्यांनी हे सगळं प्रकरण तपशिलात प्रसिद्ध केलं.

हे प्रकरण बहुतेकदा एका माणसाची शोकांतिका म्हणून सांगितलं जातं. दृष्टी आली, सुरुवातीला आनंद झाला, मग माणूस खचत गेला. ते खरंच आहे आणि पुढे त्याबद्दल लिहिणारही आहे. पण मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट : एस. बी. यांना नेमकं काय ओळखू आलं आणि काय आलं नाही, याची बारकाईने केलेली नोंद. ‘बस’, ‘घड्याळ’, ‘चेहरा’, ‘चंद्रकोर’ अशा आपल्याला अगदी सपाट, एकसंध वाटणाऱ्या संकल्पना आतून किती असमान असतात, हे त्या नोंदीत दिसतं. एकाच संकल्पनेचा एक भाग हातातून आलेला असतो, दुसरा ऐकीव असतो आणि तिसरा आलेलाच नसतो. या तीन प्रकारच्या भागांचं डोळे उघडल्यावर काय होतं, हे पाहण्याची संधी या प्रकरणाने दिली.

जुना प्रश्न

१६८८मध्ये डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक प्रश्न लिहून पाठवला. जन्मांध माणसाला हाताने चाचपून घन कुठला आणि गोल कुठला हे कळतं. समजा, त्याला एकाएकी दिसू लागलं. आता दोन्ही वस्तू समोर ठेवल्या, तर हात न लावता, नुसतं बघून तो त्या ओळखेल का? मॉलिन्यू यांची पत्नी दृष्टिहीन होती, तेव्हा हा प्रश्न केवळ तर्काची कसरत म्हणून पडलेला नसावा. लॉक यांनी मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथाच्या १६९४च्या आवृत्तीत तो छापला आणि मॉलिन्यूंशी सहमत होऊन उत्तर दिलं : नाही ओळखणार. हाताला जाणवलेला कोपरा आणि डोळ्याला दिसलेला कोपरा यांचा संबंध अनुभवानेच जुळतो, जन्मतः नाही. जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्स यांचं मत जरा वेगळं होतं. समोरच्या दोन वस्तूंपैकी एक घन आणि एक गोल आहे एवढं त्या माणसाला आधी सांगितलं आणि विचार करायला वेळ दिला, तर दोन्हींच्या रचनेत जे समान आहे त्यावरून तो ओळखू शकेल, असं त्यांचं म्हणणं.

लाइबनिट्स यांची ही अट मला फार महत्त्वाची वाटते. एस. बी. जेव्हा यशस्वी झाले, तेव्हा जवळपास नेहमी ते याच वाटेने झाले.

दृष्टीआधीचा साठा

एस. बी. निष्क्रिय बसून राहणारे नव्हते. अंधांच्या शाळेत शिकले, बूट दुरुस्तीचं काम शिकले आणि त्यावर पोट भरलं. घरामागच्या शेडमध्ये साध्या हत्यारांनी वस्तू बनवण्याची आवड होती. मित्राने खांद्यावर हात ठेवून दिशा दिली की सायकलही चालवत. मेव्हण्याची मोटार धुवायला त्यांना आवडायचं, कारण धुताना तिचा सगळा आकार हाताखालून जायचा आणि ती दिसत कशी असेल याची ते मनाशी कल्पना करत. रस्ता ओलांडताना ते बिनधास्त असत. खिशात काच काढून टाकलेलं मोठं घड्याळ असे आणि त्याचे काटे ते बोटांनी वाचत.

शाळेत त्यांना लाकडात कोरलेली इंग्रजी मोठी, म्हणजे कॅपिटल अक्षरं हाताने ओळखायला शिकवली होती. लहान लिपीतली अक्षरं मात्र शिकवली नव्हती. नावाच्या पाट्या, दारावरची अक्षरं अशा ठिकाणी मोठी अक्षरंच हाताला लागण्याची शक्यता जास्त, म्हणून असेल. शाळेच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट होती. पण तिच्यामुळे अशी एक परिस्थिती तयार झाली की कुठल्याही संशोधकाला ती हेतुपुरस्सर उभी करता आली नसती.

एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी. शस्त्रक्रियेआधी त्यांना अगदीच काही कळत नव्हतं असं नाही. उजेड-अंधाराची जाण होती, उजेड कुठून येतोय ते सांगता येत होतं आणि पांढरा, काळा, लाल हे रंग ते ओळखत. शिवाय पहिले दहा महिने डोळे काम करत होते. मॉलिन्यूंच्या प्रश्नातला आदर्श जन्मांध माणूस तो हा नव्हे. पण अक्षराचा किंवा घड्याळाच्या तबकडीचा आकार यातल्या कशातूनही कळण्याजोगा नव्हता.

एकाच पानावरची दोन जगं

पट्टी काढल्यावर एस. बी. यांनी पहिल्यांदा पाहिला तो शल्यविशारदांचा चेहरा. पुढे त्यांनी ग्रेगरींना सांगितलं की समोरून, जरा बाजूने आवाज आला, म्हणून ते वळले, तर एक धूसर काहीतरी दिसलं. आवाज चेहऱ्यातून येतो हे माहीत होतं म्हणून तो चेहरा असणार असं त्यांनी मानलं. आवाज आला नसता तर तो चेहरा आहे हे कळलंच नसतं.

ग्रेगरी आणि वॉलेस भेटले ते पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे सात आठवड्यांनी. तोवर एस. बी. रुग्णालयाच्या वऱ्हांड्यातून चाचपडत नव्हे, तर बघत चालत होते आणि खोलीतल्या बऱ्याच वस्तूंची नावं सांगत होते. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात त्यांनी अचूक वेळ सांगितली. हे कसं जमलं, असं विचारल्यावर त्यांनी खिशातलं ते बिनकाचेचं घड्याळ काढून दाखवलं.

मग अक्षरं. मोठी अक्षरं त्यांना नुसतं बघून वाचता आली. लहान लिपीतली आली नाहीत. ती शिकायला पुढे बराच काळ गेला आणि वाचन त्यांना कधी सहज झालं नाही.

या एका निरीक्षणापाशी मी थांबतो, कारण या प्रकरणातला सगळ्यात पक्का पुरावा तो आहे. डोळे तेच, कागद तोच, शाई तीच, माणूस तोच. दृष्टीची धार कमी होती म्हणून लहान अक्षरं वाचता आली नाहीत, असं म्हणायला वाव नाही. आकाराने दोन्ही मोठी करून दाखवता येतात. फरक एकच : काही अक्षरं हातांतून गेली होती, काही गेली नव्हती. म्हणजे स्पर्शाने मिळवलेल्या ज्ञानाचा किमान काही भाग स्पर्शाच्या भाषेत अडकून पडलेला नव्हता. तिरप्या दोन रेघा वर मिळतात आणि मध्ये एक आडवी रेघ, ही रचना हातानेही कळते आणि डोळ्यानेही. ती डोळ्यासमोर आल्यावर आतल्या रचनेशी जुळली.

घड्याळही तसंच. आणि इथे लाइबनिट्स यांची अटही पूर्ण झालेली दिसते. भिंतीवर गोल चकती आहे, रुग्णालयात घड्याळ असतं, अक्षरं ठरावीक संख्येचीच असतात. समोर जे आहे ते कुठल्या गटातलं असणार, हे माहीत असलं की जुळवणी करायला थोडेच पर्याय उरतात.

हात पोचले नाहीत तिथे

आता दुसरी बाजू. चेहरे त्यांना शेवटपर्यंत वाचता आले नाहीत. आवाजावरून माणसाची मनःस्थिती ओळखणारे एस. बी. चेहऱ्यावरच्या भावांपुढे अडत. हे समजण्यासारखं आहे : कुणाच्याही चेहऱ्यावरून सतत हात फिरवत राहण्याची मुभा समाज देत नाही आणि हसू उमटतं-विरतं ते क्षणात, हाताने पकडण्याइतकं थांबत नाही.

चंद्रकोर पाहून ते चकित झाले. हे काय, असं त्यांनी विचारलं. इंग्रजीत ज्याला ‘क्वार्टर मून’ म्हणतात तो पाव चंद्र म्हणजे केकच्या पाव तुकड्यासारखं काहीतरी असेल अशी त्यांची समजूत होती. ही समजूत मूर्खपणाची नाही, उलट तर्कशुद्ध आहे. वर्तुळाचा चौथा भाग हाताने जसा कापता येतो, तसाच तो. चंद्राबद्दल त्यांना जे माहीत होतं ते सगळं शब्दांतून आलेलं होतं. शब्दांनी आकार सांगितला नाही, तेव्हा मनाने तो हाताच्या अनुभवातून उसना घेतला.

उंचीचा प्रसंग तर अंगावर काटा आणणारा आहे. रुग्णालयाच्या खिडकीतून खाली पाहताना त्यांना वाटलं, की खिडकीला हातांनी लोंबकळलं तर पाय जमिनीला टेकतील. प्रत्यक्षात जमीन तीस-चाळीस फूट खाली होती. खोलीतल्या अंतरांचा अंदाज मात्र त्यांना बऱ्यापैकी होता. पावलांनी मोजलेलं अंतर त्यांच्या ज्ञानात होतं. इमारतीवरून खाली गेलेलं अंतर मोजण्याचं साधन हातापायांकडे नसतंच.

चित्रांतली खोली हाही असाच प्रकार. कागदावर रेघांनी काढलेला पारदर्शक घन आपल्याला आलटून पालटून दोन बाजूंनी दिसतो, आपोआप पुढेमागे उलटतो. एस. बी. यांना तो उलटताना दिसला नाही आणि त्यात खोलीही दिसली नाही. खरा घन त्यांनी हातात किती वेळा घेतला असेल! पण सपाट कागदावर खोली सुचवणाऱ्या रेघा बोटांना फक्त रेघाच लागतात.

बस

ग्रेगरींनी त्यांना चित्रं काढायला सांगितली. त्यातली बसची चित्रं प्रसिद्ध आहेत : एक पहिल्या भेटीच्या काळातलं, एक सुमारे सहा महिन्यांनी, एक सुमारे वर्षाने.

पहिल्या चित्रात बाजूने दिसणारी बस आहे. खिडक्या आहेत. चाकं आहेत आणि चाकांना आरे काढले आहेत, जे त्या काळच्या बसना नव्हते. सायकलच्या चाकाला हात लावणाऱ्या माणसाचं चाक ते. बसचा पुढचा भाग, बॉनेट आणि रेडिएटर, काढलेलाच नाही. त्याला हात लावायची वेळच कधी आली नसणार : प्रवासी बाजूने चढतो, दांडी धरतो, आत बसतो, उतरतो. पुढून येणाऱ्या बसला कुणी चाचपत नाही.

नंतरच्या चित्रांत भर पडली. बसवरचा मजकूर आला, कारण अक्षरं त्यांना वाचता येत होती. आरे गेले. पण वर्षभर बस डोळ्यांनी बघूनही शेवटच्या चित्रात पुढचा भाग नीट आला नाहीच.

चित्रकला कच्ची होती, असं म्हणून हे सोडून देता येत नाही. मजकूर आणि खिडक्या काढू शकणारा हात पुढे एक चौकोनही काढू शकला असता. आणि बसला इंजिन असतं, ते पुढे असतं, ही माहिती बावन्न वर्षांच्या चौकस माणसाला नव्हती असं मानणं कठीण आहे. माझं अनुमान असं की माहिती होती, पण आकाराच्या रूपात नव्हती. ‘बसला इंजिन असतं’ हे विधान म्हणून जाणणं आणि बसच्या पुढच्या भागाची रचना मनात असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्र काढायला दुसरी लागते. बघितलेलं डोळ्यात टिकायलाही बहुधा दुसरीच लागते, नाहीतर वर्षभराच्या दृष्टीने ती जागा भरून काढली असती.

एस. बी. यांचं बसचं चित्र म्हणून मला एका संकल्पनेचा नकाशा वाटतो, ज्यात प्रत्येक भाग कुठून आला ते वाचता येतं.

लेथपाशी

हत्यारांची आवड ओळखून ग्रेगरी त्यांना लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये घेऊन गेले. तिथे काचेच्या पेटीत इंग्लिश यंत्रकार हेन्री मॉडस्ली यांचा स्क्रूचे आटे पाडणारा लेथ ठेवलेला होता. लेथ कशाला म्हणतात, तो काय करतो, हे एस. बी. यांना चांगलं ठाऊक होतं आणि तो पाहण्याची उत्सुकताही होती. तरी काचेतून पाहताना त्यांना काही अर्थबोध होईना. सगळ्यात जवळचा भाग हँडल असावा, एवढंच ते म्हणाले.

मग पेटी उघडून घेतली. एस. बी. यांनी डोळे मिटले आणि मिनिटभर लेथवरून भराभर हात फिरवला. मग मागे सरले, डोळे उघडले आणि म्हणाले, आता हात लावलाय, आता मला दिसतंय.

त्याच यंत्रावरून त्याच प्रकाशाचं तेच प्रतिबिंब डोळ्यात पडत होतं. मिनिटभरात डोळ्यात काहीही बदललेलं नव्हतं. बदललं ते आतलं ज्ञान, आणि त्याबरोबर दिसणंही. ग्रेगरी पुढे आयुष्यभर मांडत राहिले की दिसणं हा मेंदूने केलेला अंदाज असतो, डोळ्यांकडून आलेले तुटपुंजे संकेत आणि आधीचं ज्ञान यांच्या जोरावर बांधलेला. त्या मांडणीमागे या प्रकरणाचा मोठा वाटा आहे. १७२८मध्ये लंडनचे शल्यविशारद विल्यम चेसेल्डन यांनी मोतीबिंदू काढलेल्या तेराएक वर्षांच्या मुलाची हकिकत लिहिली होती. तो मांजर आणि कुत्रा यांत गोंधळायचा, म्हणून त्याने मांजर पकडून हाताने चाचपलं, निरखून पाहिलं आणि यापुढे तुला ओळखेन असं तिला सांगून सोडून दिलं. दोनशे तीस वर्षांच्या अंतराने दोन माणसांनी तोच उपाय शोधला, कुणी न शिकवता.

मेंदूकडून काय कळतं

एस. बी. यांच्या काळात जिवंत मेंदूचं काम बघण्याची सोय नव्हती. नंतर ती आली, आणि मिळालेली उत्तरं या प्रकरणाच्या अंगाने वाचली तर बऱ्याच गोष्टी जागेवर बसतात.

पहिली गोष्ट आकाराची. डोक्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीच्या प्राथमिक भागाच्या बाहेरच्या अंगाला एक प्रदेश आहे, जो वस्तू पाहताना जागा होतो. २००१मध्ये अमीर अमेदी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की याच प्रदेशाचा एक भाग वस्तू हाताने चाचपतानाही काम करतो. वस्तूच्या आवाजाला त्याचा प्रतिसाद फारसा नसतो. म्हणजे त्या भागाला रस आहे तो घडणीत, ती कुठल्या दारातून आली यात कमी. मोठी अक्षरं आणि घड्याळ यांची ओळख अशाच कुठल्यातरी सामाईक जागी पटली असावी.

दुसरी गोष्ट वर्गवारीची. २००९मध्ये ब्रॅडफर्ड महोन, अल्फोन्सो कारामाझा आणि सहकाऱ्यांनी जन्मांध व्यक्तींना प्राण्यांची आणि निर्जीव वस्तूंची नावं ऐकवून त्यांच्या आकारमानाचा विचार करायला सांगितला. डोळस लोकांमध्ये चित्रं बघताना मेंदूच्या खालच्या बाजूला सजीव आणि निर्जीव यांची जी विभागणी दिसते, तीच जन्मांध लोकांमध्येही दिसली. दृष्टीचा अनुभव शून्य असूनही ‘दृष्टीच्या’ प्रदेशाची मांडणी ढोबळमानाने तीच. त्यामुळे संवेदना सगळं ठरवतात, हा सरळसोट दावा टिकत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त पटते. रंग हा असा गुण आहे की तो फक्त डोळ्यालाच कळतो. हाताला, कानाला त्याचा काहीही पत्ता नाही. तरी जन्मांध माणसाला टोमॅटो लाल असतो हे माहीत असतं. हे ज्ञान कुठे असतं? २०२०मध्ये शियाओयिंग वांग, यानचाओ बी आणि सहकाऱ्यांनी डोळस आणि जन्मांध अशा दोन्ही गटांत फळं-भाज्यांच्या रंगांचं ज्ञान तपासलं. डोळस लोकांमध्ये त्याचा ठसा रंग पाहण्याशी संबंधित दृष्टीच्या भागात मिळाला. जन्मांधांमध्ये तिथे मिळाला नाही. पण कानशिलाच्या आतल्या टेम्पोरल खंडाच्या पुढच्या टोकाकडे, वरच्या अंगाला, दोन्ही गटांमध्ये मिळाला. एकाच वस्तुस्थितीचं ज्ञान दोन रूपांत असू शकतं : एक अनुभवातून आलेलं, दुसरं भाषेतून. डोळस माणसाकडे दोन्ही असतात, म्हणून त्याला त्यांतला फरक कधी जाणवत नाही.

बसच्या इंजिनाबद्दलचं माझं अनुमान या निष्कर्षाच्या आधाराने जरा भक्कम होतं. एस. बी. यांच्याकडे इंजिनाचं दुसऱ्या प्रकारचं ज्ञान होतं, पहिल्या प्रकारचं नव्हतं.

टेम्पोरल खंडाच्या या पुढच्या टोकाबद्दल अजून एका दिशेने पुरावा येतो. सिमँटिक डिमेन्शिया या विकारात हेच टोक दोन्ही बाजूंनी झिजत जातं. अशा रुग्णांची संकल्पना एकाच संवेदनेपुरती पुसत नाही. चित्र, शब्द, आवाज, स्पर्श कुठल्याही वाटेने विचारलं तरी वस्तू ओळखू येत नाही. बदकाचं चित्र बघून थोड्या वेळाने आठवणीने काढायला सांगितलं, तर एखादा रुग्ण त्याला चार पाय काढतो. प्राण्यांना साधारणतः चार पाय असतात एवढंच उरलेलं असतं, बदकाचं वेगळेपण गेलेलं असतं. हे बदक एस. बी. यांच्या बसशेजारी ठेवून पाहावं. बदकात जे घुसलं ते सर्वसाधारण ज्ञानातून आलं. बसमध्ये जे राहून गेलं ते हात न पोचल्यामुळे. एकीकडे जोडणारं केंद्र ढासळलं आहे, दुसरीकडे केंद्र शाबूत आहे पण त्याच्याकडे येणारी एक वाट बावन्न वर्षं बंद होती. कॅरलिन पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये मांडलेली कल्पना, की संकल्पनेला संवेदनांच्या प्रदेशांत पसरलेले भाग असतात आणि त्यांना बांधणारं एक केंद्रही असतं, दोन्ही चित्रांना सामावून घेते. संकल्पना म्हणजे केवळ संवेदनांचे ठसे, किंवा संकल्पना म्हणजे संवेदनांपासून सुटलेली शुद्ध चिन्हं, या दोन टोकांच्या भूमिकांना मात्र यातलं एकेक चित्र अडचणीत आणतं.

आक्षेप

या प्रकरणावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप दिल्लीतून आला असं म्हणता येईल. एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मापासून दृष्टी नसलेल्या, पण उपचार शक्य असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. २०११मध्ये रिचर्ड हेल्ड, सिन्हा आणि सहकाऱ्यांनी अशा ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत त्यांना खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार दिले. बघून बघितलेलं ओळखणं त्यांना ९२ टक्के वेळा जमलं, चाचपून चाचपलेलं ओळखणं ९८ टक्के. पण चाचपलेलं बघून ओळखणं ५८ टक्के, म्हणजे नाणेफेकीच्या जवळपास. मॉलिन्यूंच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’.

मग एस. बी. यांना अक्षरं कशी ओळखू आली? सात आठवडे हा एक भाग झाला. दिल्लीतल्या मुलांपैकी ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली, त्यांचीही कामगिरी काही दिवसांतच स्पष्टपणे सुधारली, आणि तेही खास सराव न करता. म्हणजे स्पर्श आणि दृष्टी यांचा पूल तयार मिळत नाही, पण बांधायला फार वेळही लागत नाही. दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मुलांना दिलेले ठोकळे अनोळखी, बिननावाचे होते आणि क्षणापूर्वीच हाताळलेले. एस. बी. यांची अक्षरं चार दशकं मनात मुरलेली होती, प्रत्येकाला नाव होतं आणि संच मर्यादित होता. पूल बांधायला पलीकडे पक्का काठ मिळाला. लहान लिपीसाठी तो काठच नव्हता, म्हणून तेवढ्याच आठवड्यांत तिथे काही घडलं नाही. हेल्ड यांचे निष्कर्ष आणि एस. बी. यांची नोंद परस्परविरोधी आहेत असं मी मानत नाही. एक पहिल्या दोन दिवसांबद्दल बोलतो, दुसरी त्यानंतर काय कशामुळे जुळतं याबद्दल.

दुसरा आक्षेप डोळ्यांचा आणि मेंदूच्या वाढीचा. लहानपणी दृष्टी मिळाली नाही तर दृष्टीची यंत्रणा नीट घडत नाही, हे ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांच्या मांजरांवरच्या कामातून सिद्ध झालेलं आहे. त्यांना १९८१चा नोबेल मिळाला. मग चेहरे न ओळखू येण्याचं कारण ज्ञानाचा अभाव, की न घडलेली यंत्रणा? इथे एम. एम. यांचं प्रकरण उपयोगी पडतं. साडेतीन वर्षांचे असताना त्यांची दृष्टी गेली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी परत आली. २००३मध्ये आयोन फाइन आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यावरचं काम प्रसिद्ध केलं. हालचाल, रंग, साधे आकार चांगले. चेहरे आणि त्रिमिती वस्तू कच्च्या, आणि मेंदूतही त्या त्या प्रदेशांचा प्रतिसाद तसाच. रेघांचा घन त्यांना रेघा असलेला चौकोन वाटायचा; तोच फिरता दाखवला की घन दिसायचा. चेहऱ्यांच्या बाबतीत म्हणूनच मी एस. बी. यांच्या अनुभवाचं श्रेय सगळं स्पर्शाच्या अभावाला देणार नाही. यंत्रणेचा वाटा तिथे मोठा असावा. अक्षरांच्या बाबतीत मात्र हा आक्षेप लागू पडत नाही, कारण मोठ्या आणि लहान लिपीसाठी मेंदूत वेगवेगळी यंत्रणा वाढत नाही.

तिसरा मुद्दा दृष्टिहीनांच्या ज्ञानाला कमी लेखण्याचा. एस. बी. यांची उदाहरणं वाचून ‘त्यांना जगाची अपुरीच कल्पना असते’ असं कुणी म्हणेल, तर ते चूक आहे आणि अन्यायकारकही. जूडी किम, मरीना बेडनी आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये जन्मांध आणि डोळस प्रौढांना प्राण्यांच्या रूपाबद्दल विचारलं. आकार, अंगावरचं आवरण याबाबत दोन्ही गटांत बरंच एकमत निघालं. सगळ्यात कमी एकमत होतं ते रंगाबाबत. गंमत अशी की शब्दांत सांगायला रंग सगळ्यात सोपा. म्हणजे जन्मांध व्यक्ती इतरांची वाक्यं केवळ पाठ करून ठेवत नाहीत. प्राणी कुठल्या जातकुळीचा आहे यावरून त्याचं आवरण, त्याची ठेवण कशी असेल ते अनुमानाने काढतात. रंग असा अनुमानाने निघत नाही. एस. बी. यांची पाव चंद्राची कल्पना याच कुशल अनुमानाचा नमुना आहे, फक्त त्या वेळी ते फसलं.

नंतरचं आयुष्य

रुग्णालयातून बाहेर पडल्यावर एस. बी. यांना चमकदार रंगांचा आनंद होत असे, पण उडालेला रंग, डाग, मळकेपणा यांचा त्रासही होई. पूर्वी निर्धास्त ओलांडलेले रस्ते आता भयंकर वाटू लागले. संध्याकाळी ते पुष्कळदा दिवा न लावता बसत. दृष्टिहीन माणूस म्हणून कमावलेला आत्मविश्वास आणि आदर गेला आणि डोळस माणूस म्हणून ते कायम उमेदवारच राहिले. नैराश्य वाढत गेलं. ऑगस्ट १९६०मध्ये, दृष्टी मिळून दोन वर्षंही पूर्ण होण्याआधी, त्यांचं निधन झालं.

या दुःखाचा ज्ञानाच्या प्रश्नाशी संबंध नाही असं मला वाटत नाही. हातांनी उभं केलेलं त्यांचं जग दाट, भरवशाचं आणि स्वतःच्या कष्टाचं होतं. डोळ्यांनी त्यात भर घातली ती तुकड्या-तुकड्यांनी, आणि जिथे हात आधी पोचले होते तिथेच ती टिकली. एरवी दिसत राहिलं, पण त्याचं काही होईना. त्यांना नवं पाहण्यात मदत करायची होती, तर पाहण्याआधी हाताळायला द्यायला हवं होतं. म्युझियममध्ये मिनिटभरात जे घडलं ते बसच्या बॉनेटवर, चेहऱ्याच्या साच्यावर, जिन्याच्या आणि इमारतीच्या छोट्या प्रतिकृतींवर रोज घडवता आलं असतं.

आज दृष्टी परत मिळालेल्या मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी या प्रकरणातून एक अगदी व्यवहारी मागणी निघते. ग्रेगरी एस. बी. यांना भेटले ते शस्त्रक्रियेनंतर, त्यामुळे आधी त्यांच्या हातांना काय काय ठाऊक होतं याची यादी मागाहून, आठवणींतून जुळवावी लागली. मोठ्या अक्षरांची गोष्ट कळली ती शाळेची पद्धत माहीत होती म्हणून. ती यादी आधीच करता येते : मुलाने कुठल्या वस्तू पूर्ण हाताळल्या आहेत, कुठल्या अर्ध्या, कुठल्यांचं फक्त नाव ऐकलं आहे, आणि नाव ऐकलेल्यांचा आकार ते काय सांगतं. पट्टी सुटण्याआधी एवढं लिहून ठेवलं, तर मूल कुठे अडणार याचा अंदाज आधीच बांधता येईल आणि पुनर्वसनाची सुरुवात कुठून करायची तेही ठरवता येईल.